बागेतला ‘ससाणा’ आणि सातभाईंची साक्ष

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शहर पुरवणीत गेल्या आठवड्यात ‘बंगल्याच्या बागेत अवतरला दुर्मीळ ससाणा’ या मथळ्याखाली एक रंगीत छायाचित्र आणि त्यासोबत दहा-बारा ओळींची बातमी प्रसिद्ध झाली. एका वाचकाने आपल्या परसाच्या भिंतीवर बसलेला अनोळखी पक्षी मोबाईलवर टिपला, तो कोणता असावा याविषयी घरात आणि गल्लीत तर्क झाले आणि अखेर तो ससाणा ठरवून आपल्याकडे पाठवण्यात आला, असे बातमीवरून दिसते. आजूबाजूची लहान पाखरे त्याच्याभोवती कलकलाट करीत होती, म्हणजे ती त्याला घाबरली होती, असेही तिच्यात म्हटले आहे. छायाचित्र उत्तम आहे. छातीवरच्या तपकिरी खुणा, शेपटीवरचे आडवे पट्टे, चोचीची ठेवण हे सारे इतके स्वच्छ आले आहे की बातमी खोडून काढायला तेच पुरेसे आहे. हा पक्षी ससाणा नाही आणि शिक्रा हा लहान शिकारी पक्षीही नाही. ते पावशाचे, म्हणजे ‘पेर्ते व्हा’ अशी हाक देणाऱ्या पक्ष्याचे, यंदाचे पिल्लू आहे. ते दुर्मीळ नाही आणि कुठून अवतरलेलेही नाही. बहुधा त्याच गल्लीतल्या एखाद्या झाडावर, सातभाईंच्या, म्हणजे टोळक्याने फिरणाऱ्या मातकट पाखरांच्या, घरट्यात ते लहानाचे मोठे झाले असावे.

हे लिहिताना आपल्या वार्ताहराला किंवा छायाचित्र पाठवणाऱ्या वाचकाला कमीपणा आणण्याचा माझा हेतू नाही, कारण नेमकी हीच चूक मी स्वतः सप्टेंबरात केली, चार दिवस ती खरी मानून चाललो आणि तिच्यापायी एका निरपराध पाखराला दगड बसता बसता राहिला. मी पक्षितज्ज्ञ नव्हे. पाटबंधारे खात्यात माझी नोकरी झाली आणि तिच्यातील बराच काळ सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापकातले पाणी मोजून वहीत लिहिण्यात गेला. निवृत्तीनंतर पाऊस मोजायचा सुटला, पण वही काही सुटली नाही. आता तिच्यात परसात काय दिसले ते लिहितो. या पत्रातील स्वतःविषयीचा मजकूर त्या वहीवरून घेतलेला आहे.

आमचे घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या उताराच्या बाजूला. परस लहानच आहे. एक शेवगा, एक पेरू, कढीपत्ता, कुंपणाला मेंदी आणि कोपऱ्यात कोणी न लावता उगवलेला उंबर. अनंत चतुर्दशी होऊन पितृपंधरवडा लागला होता. वडिलांच्या तिथीला सूनबाईंनी पान वाढले, मी ते गच्चीच्या कठड्यावर नेऊन ठेवले आणि कावळ्याची वाट पाहत उभा राहिलो. वर्षभर ज्याला हुसकावून लावतो त्या पक्ष्यासाठी माणूस त्या दिवशी हात जोडून झाडाझाडाकडे पाहत असतो, आणि खरे सांगायचे तर माझ्या परसातल्या कितीतरी पाखरांची पहिली ओळख मला याच पंधरवड्यात झालेली आहे. त्या दिवशी कावळे आले, पण पानाकडे फिरकले नाहीत. पाच-सहा कावळे शेवग्याभोवती ओरडत घिरट्या घालू लागले आणि खालच्या मेंदीत सातभाईंनी नेहमीपेक्षा चढा सूर लावला. मी वाकून पाहिले, तर शेवग्याच्या फांदीला चिकटून, अंग चोरून, पारव्याएवढा पण त्याहून लांबट असा एक पक्षी बसला होता. पाठ तपकिरी आणि तिच्यावर तांबूस आडव्या रेघा, पोट पांढरट आणि त्यावर गळ्याखालून उतरत गेलेल्या तपकिरी थेंबांसारख्या खुणा, लांब शेपटीवर गडद पट्टे. इतके पाहिले आणि मी मोकळा झालो. ‘शिक्रा आहे,’ असे मी खाली ओरडून सांगितले.

पुढचे सारे त्या एका शब्दाने घडवले. शेजारचे अण्णा आपल्या गच्चीवर आले आणि म्हणाले, ‘अहो, शिक्रा कसला, चांगला ससाणा आहे.’ नातवाने मोबाईलवर छायाचित्र काढले. ते एका अ‍ॅपला दाखवले तेव्हा त्यानेही शिक्राच सांगितला. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकले तेव्हा तासाभरात चार नावे जमा झाली, त्यांतले एक अमेरिकेतल्या पुतण्याने तिकडच्या पुस्तकात पाहून कळवले होते. तो पक्षी साताऱ्यात कसा येईल, हे विचारण्याचे कोणाला सुचले नाही, मलाही नाही. सातभाई ओरडत होते, तेव्हा हा त्यांच्या पिल्लांवर टपलेला असणार, हे अनुमान सर्वांना एकदम पटले. अण्णांचा नातू बेचकी घेऊन आला. त्या मुलाच्या मनात दुष्टपणा मुळीच नव्हता. त्याला सातभाईंची पिल्ले वाचवायची होती. खडा शेवग्याच्या बुंध्यावर आपटला, पक्षी कसाबसा उडून उंबरात शिरला, पानाला कावळा शिवला आणि आम्ही सगळे समाधानाने जेवायला बसलो.

चौथ्या दिवशी सकाळी बारीक पाऊस होता. सात वाजण्याच्या सुमारास मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहा घेत उभा होतो. तोच पक्षी कुंपणाच्या भिंतीवर, माझ्यापासून दहा-बारा हातांवर बसलेला होता आणि भोवती सातभाई होते. मी मोजले, नऊ होते. (सातभाई सातच असतात असे नाही, त्यांचे टोळके लहानमोठे असते, हे सर्वांना ठाऊक असले तरी नऊ मोजल्यावर मला उगीचच चुकल्यासारखे झाले.) कलकलाट चालू होता, पण घाबरलेल्या पाखरांचा जो एकसुरी धोक्याचा आवाज असतो तो हा नव्हता. पक्षी भिंतीला जवळजवळ टेकून बसला, त्याने दोन्ही पंख अर्धवट सोडून थरथरवले आणि खरखरीत आवाजात ‘की-की, की-की’ असे काहीतरी मागू लागला. एक सातभाई चोचीत नाकतोडा धरून टुणटुण उड्या मारीत आला, मान उंच करून त्याच्यासमोर उभा राहिला आणि तो नाकतोडा त्याने त्या ‘शिक्र्या’च्या घशात घातला. भरवणारा भरवल्या जाणाऱ्यापेक्षा चांगला वीतभर नसला तरी चार बोटे लहान होता. अर्ध्या तासात मी अकरा घास मोजले. एकदा तर दोन सातभाई चोचीत काही ना काही धरून एकाच वेळी हजर झाले आणि मागच्याला पुढच्याचे होईपर्यंत थांबावे लागले.

शिकारी पाखराला त्याचे भक्ष्यच भरवीत बसणार नाही, एवढे कळायला पुस्तक लागत नाही. चार दिवस आम्ही रंगाकडे आणि पट्ट्यांकडे पाहत होतो. त्याच्याभोवती कोण आहे आणि ते काय करीत आहे, याकडे कोणीच पाहिले नव्हते. दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणारे म्हणजे कोकिळेचे कूळ, आणि आपल्याकडे त्या कुळातले दोन पक्षी सातभाईंना हे ओझे देतात: एक चातक आणि दुसरा पावशा. तेव्हा सातभाई भरवीत आहेत म्हणजे पावशाच, असे म्हणूनही चालणार नव्हते. चातक आफ्रिकेतून पावसाबरोबर आपल्याकडे येतो, काळा-पांढरा असतो आणि त्याच्या डोक्यावर तुरा असतो. त्याचे पिल्लू अंगाने काळपट तपकिरी आणि खालून मळकट फिके, पण छातीवर थेंब किंवा रेघा नाहीत, आणि तुऱ्याची सुरुवात त्यालाही असते. माझ्या पाहुण्याला तुरा नव्हता आणि छाती खुणांनी भरलेली होती. म्हणजे पावशा.

तरीही एकदा हात पोळलेला असल्याने मी मुलाची दुर्बीण मागवून घेतली आणि पुढचे बारा दिवस त्या पक्ष्याकडे पाहण्याखेरीज दुसरे फारसे काही केले नाही. आपल्या छायाचित्राशी ज्यांना ताडून पाहायचे असेल त्यांच्यासाठी इथे थोडे सविस्तर लिहितो. शिक्र्याची चोच आखूड असते आणि मुळापासूनच आकडीसारखी खाली वळते. तिच्या बुडाशी नाकपुड्यांच्या जागी पिवळी, मेणासारखी कातडी असते. पावशाची चोच त्यामानाने सरळ जाते, टोकाला जराशी झुकते, आणि समोरून पाहिली तर ती मांस फाडणाऱ्याची वाटतच नाही. शिक्र्याची शेंदरी किंवा लाल डोळ्यांची रोखलेली नजर आणि गळ्याच्या मध्यावरून उतरणारी काळपट रेघ एकदा पाहिली की विसरत नाही. पावशाच्या गळ्यावर अशी एकटी रेघ नसते. शिक्रा ताठ बसतो, हवालदारासारखा. पावशा फांदीवर पुढे झुकून, बराचसा आडवा बसतो आणि पंखांची टोके शेपटीच्या खाली ओघळू देतो, जणू अंगरखा मापाने मोठा शिवला गेला आहे. पायांचा पुरावा मात्र सर्वांत पक्का. शिक्र्याला तीन बोटे पुढे आणि एक मागे, आणि त्यांवर वाकडी धारदार नखे. पावशाला दोन बोटे पुढे आणि दोन मागे, पाय बारके, नखे नावालाच. सहाव्या दिवशी तो कपडे वाळत घालायच्या तारेवर येऊन बसला तेव्हा ती दोन-दोन बोटे मला दुर्बिणीतून स्पष्ट दिसली आणि मी वहीत लिहिलेला ‘शिक्रा’ हा शब्द खोडला. वहीतला शब्द खोडण्याचे समाधान, संपादक महाशय, पर्जन्यमापकाच्या वहीत कधी मिळाले नव्हते. तिथे खाडाखोड झाली की वरिष्ठांना उत्तर द्यावे लागे.

ससाण्याविषयी तर इतकेही बोलायला नको. आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर शाहीन ससाणा राहतो; त्याचे टोकदार लांब पंख आणि गालावरून खाली उतरणारा काळा पट्टा ज्याने एकदा पाहिला, तो परसाच्या भिंतीवर बसलेल्या या गबाळ्या पिल्लाला ससाणा म्हणणार नाही. मराठीत आपण शिक्रा, ससाणा, बाज, बहिरी ही नावे एकमेकांच्या जागी सहज वापरतो आणि बोलताना ते खपूनही जाते; छापताना खपू नये एवढेच माझे म्हणणे आहे.

दुसरा आठवडा लागल्यावर जे पाहिले ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. शेवगा ज्यांच्या दारी आहे त्यांना ठाऊक आहे की पावसाळ्यात त्याच्या बुंध्यावर केसाळ सुरवंटांचे गालिचे बसतात, अंगाला लागले तर गांधी उठतात, आणि काठीला चिंध्या गुंडाळून, रॉकेलमध्ये भिजवून केलेल्या टेंभ्याने ते जाळण्याची जुनी रीत आहे. यंदा सूनबाईंनी दोनदा आठवण केली होती, पण पंधरवड्यात जीवहत्या नको म्हणून मी ते काम पुढे ढकलले होते. त्या सुरवंटांना सातभाई चोच लावताना मला कधी दिसले नाहीत. एके सकाळी हे पिल्लू एकटेच बुंध्याशी आले, त्याने एक सुरवंट उचलला, फांदीवर नेला आणि चोचीत दाबत, इकडून तिकडे सरकवत, फांदीवर घासत, त्याच्या आतला हिरवा गाळ बाहेर काढला. मग केसांसकट गिळला. सुरवंटाच्या पोटातल्या गाळात विषारी अंश असतात म्हणून पावशा आणि त्याचे भाऊबंद तो काढून टाकतात, आणि पोटात गेलेल्या केसांची गोळी नंतर तोंडावाटे बाहेर टाकतात, हे मला मागाहून वाचायला मिळाले. पण ज्या पाखराला जन्मापासून सातभाईंनी नाकतोडे आणि किडे भरवले त्याला ही कारागिरी कोणी शिकवली, हा प्रश्न माझ्या नातीने विचारला आणि त्याचे उत्तर तिला शाळेत मिळेल असे सांगून मी वेळ मारून नेली. यंदा शेवग्यावरचे सुरवंट जाळावे लागले नाहीत, असे लिहिण्याचा मोह होतो, परंतु ते खरे नाही. एका पाखराने बुंधा साफ होत नाही. दसऱ्याआधी टेंभा लावावाच लागला, फक्त तो मी वरच्या फांद्या सोडून लावला.

वास्तविक पावशा आपल्या इतक्या ओळखीचा आहे की त्याला अनोळखी म्हणण्याची वेळ यावी हेच नवल आहे. चैत्रापासून त्याचे ओरडणे सुरू होते. ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ असा आवाज प्रत्येक वेळी एक पायरी वर चढत जातो, आता फुटणार असे वाटता वाटता एकदम थांबतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तळापासून सुरू होतो. ढगाळ दुपारी आणि चांदण्या रात्रीही तो थांबत नाही. आपल्या शेतकऱ्याने त्यात पेरणीची हाक ऐकली, हिंदी मुलखात त्यालाच पपीहा म्हणून ‘पी कहाँ’ ऐकले आणि इंग्रज साहेबांनी, ज्यांना पेरणीही करायची नव्हती आणि प्रियकरही शोधायचा नव्हता, उन्हाळ्याच्या रात्री झोप मोडली म्हणून त्याला मेंदूज्वराचा पक्षी म्हटले. म्हणजे आवाज सर्वांच्या परिचयाचा, पण तो ज्या गळ्यातून येतो तो पक्षी पानांत दडून बसतो आणि फारच थोड्यांनी पाहिलेला असतो. पाऊस सरत आला की मोठे पावशे गप्प होतात, आणि नेमक्या त्याच सुमारास ही पिल्ले घरट्याबाहेर पडून परसात, भिंतीवर, तारेवर उघडी दिसू लागतात. ज्याला आपण कानाने ओळखतो तो मुका होऊन समोर येतो, तेव्हा डोळ्यांना त्याचा काही पत्ता लागत नाही. मोठा पावशा दिसला तरी घोटाळा टळतोच असे नाही. त्याची पाठ राखी, छाती तांबूस, डोळ्याभोवती पिवळे कडे आणि शेपटीवर तेच पट्टे. उडतानाही तो काही वेळा पंख मारून तरंगत जातो, फांदीजवळ आल्यावर वर उचलल्यासारखा होऊन बसतो. लांबून हुबेहूब शिक्रा. लहान पाखरे आणि खारीसुद्धा त्याला पाहून धोक्याचा गजर करतात. या सोंगामुळे सातभाई बिचकतात आणि मादीला त्यांच्या घरट्यापर्यंत पोहोचणे सोपे जाते, असा अभ्यासकांचा तर्क आहे. त्यात दोघांचीही अंडी निळी. तेव्हा ज्या वेषाने जन्मभर शेजारी राहणारे सातभाई फसतात त्याने गच्चीवरून पाहणारा एक निवृत्त कारकून फसला, यात मी फारसे मनाला लावून घेतलेले नाही.

या निमित्ताने आणखी एक गोष्ट लक्षात आणून द्यावीशी वाटते. बागेत दिसलेला अनोळखी पक्षी पुष्कळदा ओळखीचाच असतो, केवळ आपण न पाहिलेल्या वेषात आलेला असतो. दर उन्हाळ्यात मला कोणी ना कोणी विचारते की आमच्या पपईवर एक तपकिरी, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांचा, लाल डोळ्यांचा मोठा पक्षी येतो, तो कोणता? ती कोकिळा असते. गाणारा कोकीळ काळाकुळकुळीत नर, आणि आपल्या कवितांनी गाणे मात्र कोकिळेच्या नावावर चढवले, त्यामुळे खरी कोकिळा समोर आली की लोक तिला परदेशी समजतात. याच्या उलट नवरंगाचे. तो खरोखरीचा पाहुणा. मे अखेरीस आणि जूनमध्ये, रात्रीच्या प्रवासात, थकून किंवा काचेवर आपटून एखाद्या व्हरांड्यात पडलेला सापडतो. हिरवी पाठ, बुडाशी लाल, डोळ्यावरून काळा पट्टा. त्याला पाहून मात्र लोक ‘कोणाचा तरी पाळलेला पोपट सुटला’ म्हणून पिंजरा शोधू लागतात. ओळखीचा तो परका आणि परका तो पाळीव, असा हा कारभार आहे.

नाव चुकले तर बिघडले कुठे, असे कोणी म्हणेल. सप्टेंबरात आमच्याकडे काय बिघडता बिघडता राहिले ते वर सांगितले आहे. शिक्रा म्हटल्याबरोबर त्या पिल्लावर खडा उचलला गेला. आणि समजा कोणी ते दमलेले, उडता न येणारे ‘ससाण्याचे’ पिल्लू समजून घरात आणले असते, तर त्याला मांसाचे तुकडे भरवण्याचा प्रयत्न झाला असता आणि बाहेर नऊ सातभाई चोचीत घास धरून त्याला शोधत राहिले असते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार असा पक्षी पकडणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे ही गोष्ट वेगळीच. खरोखर जखमी असेल तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. जखमी नसेल तर त्याला हात न लावता लांबून पाहणे पुरे. आणि जे छापले जाते ते कात्रणांत, शाळेच्या भिंतीवर आणि आता मोबाईलवर वर्षानुवर्षे फिरत राहते. आपल्या बातमीचे कात्रण आमच्या आळीतल्या एका शाळेच्या फळ्यावर लागलेले मी स्वतः पाहिले आहे.

५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह आता तोंडावर आला आहे. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर, म्हणून राज्य शासनाने २०२० पासून हा आठवडा ठरवला, आणि त्या दिवसांत आपणही दरवर्षी पक्ष्यांवर विशेष मजकूर देता. सालिम अलींनी शाळकरी वयात छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीची गोष्ट त्यात हमखास असते. ती बहुधा पश्चात्तापाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातला दुसराच भाग महत्त्वाचा वाटतो. त्या मुलाला चिमणी नेहमीसारखी वाटली नाही, तेव्हा त्याने स्वतः तिचे बारसे केले नाही. तो ती घेऊन मुंबईत, १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला, आणि तिथले सचिव मिलार्ड यांनी ती कोणती हे सांगून वर त्याला कपाटांतले पक्ष्यांचे नमुने उघडून दाखवले. आज वाचकाला मुंबईला जावे लागत नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या गावी पाखरे पाहणारी दोन-चार माणसे असतात आणि त्यांना विचारलेले आवडते. अशा एकाला छायाचित्र दाखवण्यासाठी बातमी एक दिवस थांबवली असती तर काही हानी नव्हती, पक्षी आणखी पंधरवडाभर त्याच परसात राहणार होता. सोबत वाचकाकडून दोन-तीन साध्या गोष्टी विचारून घ्याव्यात: पक्षी काय खात होता, एकटा होता की सोबत कोणी होते, बसला कसा आणि उडाला कसा. छायाचित्रात जे येत नाही ते इतकेच असते, आणि ओळख बहुतेक वेळा त्यातच असते. सप्ताहाच्या पुरवणीत बातमीची दुरुस्ती, निदान चार ओळींत, यावी ही विनंती.

दुरुस्ती देताना मूळ छायाचित्र त्या वाचकाकडून पुन्हा मागवून घ्यावे. छापलेल्या चित्राच्या डाव्या कडेला, भिंतीच्या पातळीत, मातकट रंगाची एक लांबट गोष्ट दिसते. मी ती भिंगाखाली पाहिली. ती सातभाईची शेपूट आहे, आणि शेपटीचा मालक पुरवणीच्या रकान्यात बसेना म्हणून कापला गेला आहे. त्याच्या चोचीत काय होते हे मूळ चित्रात दिसत असणार. ते चित्र या वेळी न कापता, पूर्ण छापावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जुना वाचक, सातारा